बायबलमधली मुक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वचनाच्या अभ्यासाच्या निमित्ताने गेली काही वर्षं हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कधी चिठ्ठीवर, कधी फोनवर, कधी रात्री उशिरा आलेल्या लांबलचक संदेशात. दर वेळी नव्याने लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवलं. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एखादं उत्तर दुसऱ्यावर टेकलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. अध्याय-वचनांचे आकडेही दिले आहेत. माझ्या शब्दावर न जाता ती वचनं उघडून वाचावीत.

१. मुक्ती म्हणजे नेमकं काय? अगदी थोडक्यात सांगा.

गहाण पडलेला दागिना पैसे भरून परत आणला की आपण म्हणतो, "सोडवून आणला." बायबलमधला मूळ अर्थ तोच आहे. जमीन असो, माणूस असो की अख्खं राष्ट्र. जे दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, ते ज्याचं होतं त्याच्याकडे परत येणं म्हणजे मुक्ती. ख्रिस्ती विश्वास असा की माणूस पाप आणि मरण यांच्या ताब्यात गेला आणि देवाने येशूच्या मरणातून व पुनरुत्थानातून त्याला सोडवलं. 'पापाला विकलेला' हे शब्द पौलाचेच आहेत, म्हणजे नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताचे (रोमकरांस ७:१४). एक गोष्ट सहसा निसटते: सोडवलेला दागिना रस्त्यावर ठेवत नाहीत, घरी आणतात. बायबलमधली मुक्तीही कुणापासून सुटलो एवढ्यावर थांबत नाही, कुणाकडे परतलो हेही सांगते.

२. तारण, उद्धार, मुक्ती, समेट, नीतिमान ठरणं... हे सगळं एकच ना?

घटना एकच, शब्द वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले. 'नीतिमान ठरणं' न्यायालयातून आलं, 'समेट' भांडणातून, 'प्रायश्चित्त' वेदीपाशी आणि 'मुक्ती' बाजारातून व घराण्याच्या व्यवहारातून. 'तारण' यांत सर्वांत मोठं, बाकीचे त्याच्या पोटात मावतात. पौल रोमकरांस ३:२४-२५ या दोन वचनांत न्यायालय, बाजार आणि मंदिर अशा तिन्ही ठिकाणचे शब्द एका दमात वापरतो. त्यामुळे एकाच शब्दावर सगळी इमारत उभी करू नये. या पानावर मात्र मी मुद्दाम 'सोडवणूक' या एका अर्थालाच धरून आहे.

३. शास्त्रात 'खंडणी' हा शब्द वाचला की कसंतरी होतं. येशूने खंडणी भरली म्हणजे काय?

तुमचं काही चुकत नाही, शब्दाचं वळण बदललं आहे. वर्तमानपत्रात खंडणी म्हणजे धमकावून उकळलेला पैसा. इतिहासाच्या पुस्तकात ती मांडलिकाने वरचढ सत्तेला द्यायची रक्कम. मराठी शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलमध्ये, मार्क १०:४५ ला हा शब्द येतो, तिथे मूळ ग्रीक शब्द 'लुट्रॉन' आहे: युद्धकैद्याला किंवा गुलामाला सोडवण्यासाठी भरायची किंमत. त्यात धमकीला महत्त्व नाही, सुटणाऱ्या माणसाला आहे. 'सुटकेचं मोल' असं मनात म्हणून वाचा, वचन लगेच सरळ होतं. हे मोल कोणाच्या हातात पडलं, हा पुढचा आणि जास्त अवघड प्रश्न. तो ९ व्या क्रमांकावर आहे.

४. मूळ भाषांत कोणते शब्द आहेत?

हिब्रूत मुख्य दोन. 'पादा' म्हणजे मोल देऊन सोडवणं. हा साधा व्यवहाराचा शब्द, कोणीही करू शकतो. 'गाअल' म्हणजेही सोडवणं, पण ते नातेवाइकाने, हक्क आणि कर्तव्य म्हणून. तिसरा 'कोफेर', जिवाच्या बदल्यात दिलेली भरपाई. ग्रीकमध्ये 'लुट्रॉन' आणि त्यावरून 'अपोलुट्रोसिस'. हा दुसरा शब्द नव्या करारात दहा वेळा येतो. त्यातला एक गमतीदार आहे: इब्री ११:३५ मध्ये छळ सोसणारे लोक 'अपोलुट्रोसिस' नाकारतात. तिथे अर्थ फक्त "छळातून सुटका". शब्द दिसला की लगेच सिद्धान्त जोडू नये, तो असा. याखेरीज पौल 'विकत घेणं' हे साधं बाजारी क्रियापदही वापरतो (१ करिंथकरांस ६:२०).

५. 'गोएल' कोण? रूथच्या पुस्तकात जोडा काढून देण्याचा काय प्रकार आहे?

'गाअल' करणारा तो गोएल. मराठीत 'जवळचा आप्त' किंवा 'वतन सोडवणारा' असं येतं. माझ्या मते मुक्ती समजून घ्यायला याहून चांगलं दार नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

लेवीय २५ मध्ये गोएलची कामं सांगितली आहेत. भाऊबंद कंगाल होऊन जमीन विकून बसला, तर जवळच्या आप्ताने ती सोडवायची. तो परक्याकडे स्वतःलाच विकून बसला, तर भाऊ, चुलता, चुलतभाऊ किंवा जवळचा कोणीही त्याला सोडवू शकतो. स्वतःच्या हाती पैसा आला तर तो स्वतःही. रक्कम हवेतली नाही. योबेल वर्षाला (दर पन्नासावं वर्ष, जमीन मूळ घराण्याकडे परतण्याचं आणि दास सुटण्याचं) किती वर्षं उरली ते मोजायचं, मजुराच्या मजुरीने हिशेब करायचा. खून झाला तर खुन्याचा पाठलाग करणारा आप्तही गोएलच (गणना ३५). हे ऐकून लोक दचकतात, पण त्यातलं तर्कशास्त्र एकच आहे: घराण्याचं जे गेलं, मग ती जमीन असो, माणूस असो की रक्त, त्याची जबाबदारी आप्तावर.

आता रूथ, अध्याय ४. रूथची सासू नामी हिच्या नवऱ्याचा आप्त बवाज वेशीत जाऊन बसतो, गावचे दहा वडील बोलावतो आणि नामीच्या घराण्याशी त्याच्यापेक्षा जवळचं नातं असलेल्या माणसाला थांबवतो. शेत सोडवतोस का? सोडवतो. मग बवाज दुसरी बाजू सांगतो: शेताबरोबर मवाबी विधवा रूथही येईल आणि मेलेल्याचं नाव चालवावं लागेल. माणूस मागे सरतो. म्हणतो, असं केलं तर माझ्याच वतनाचं नुकसान होईल. आणि पायातला जोडा काढून देतो. हक्क सोडल्याची ती त्या काळातली खूण होती, आणि लेखकाच्या काळी ती इतकी जुनी झाली होती की त्याला ती वाचकाला समजावून सांगावी लागली (४:७).

या माणसाला पुस्तकात नाव नाही. हिब्रूत बवाज त्याला 'पेलोनी अलमोनी' म्हणतो, म्हणजे सरळ मराठीत 'अमका-तमका'. स्वतःचं वतन आणि नाव जपायला जो मागे हटला, त्याचंच नाव राहिलं नाही. लेखकाने हे मुद्दाम केलं असावं असं मला वाटतं.

इथून पुढे सगळीकडे उपयोगी पडणारी गोष्ट अशी: गोएल पैसे भरतो म्हणून आप्त होत नाही; आप्त असतो म्हणून पैसे भरतो. नातं आधी, किंमत नंतर. यशयाच्या ४० ते ६६ या अध्यायांत देवाला तेरा वेळा गोएल म्हटलं आहे, ते याच अर्थाने. आणि देवाचा पुत्र माणूस का झाला याचं इब्री २:१४-१७ मधलं उत्तरही याच वाटेने जातं: सोडवायचं तर आधी भाऊ व्हावं लागतं.

६. पण अनुवाद २५ मध्ये तर विधवा जोडा काढते आणि तोंडावर थुंकते. रूथमध्ये तसं का नाही?

तो नियम एकत्र राहणाऱ्या सख्ख्या दिरासाठी आहे आणि त्याने लग्नाला नकार दिला तर आहे. रूथच्या गोष्टीत सख्खा दीर उरलेलाच नाही. तिथे जमीन सोडवण्याचा कायदा आणि वंश चालवण्याची रीत अशा दोन वेगळ्या गोष्टी बवाजने एकत्र बांधल्या. लेवीय २५ मध्ये 'शेत सोडवणाऱ्याने विधवेशी लग्न करावं' असं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून बवाजने केलं ते कायद्याच्या पलीकडचं आहे.

७. जुन्या करारात मुक्ती म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटका. तिचा पापाशी काय संबंध?

सुरुवातीला थेट नाही, हे मान्य करायला हवं. निर्गम ६:६ मध्ये देव म्हणतो की मी हात पुढे करून तुम्हांला सोडवीन, तिथे विटा, मुकादम आणि मिसरचा राजा फारो आहेत. इस्राएलाच्या पापांचा विषय नाही. पुढे शब्द रुंद होत जातो. स्तोत्र १३०:८ मध्ये देव इस्राएलाला 'सर्व अधर्मांपासून' सोडवील असं येतं. स्तोत्र ४९ मध्ये तो मरणापर्यंत पोचतो. नवा करार हे सगळे थर एकदम वापरतो. म्हणून दोन टोकांची घाई टाळावी: मुक्ती म्हणजे फक्त राजकीय सुटका असंही नाही, आणि फक्त आत्म्याची खाजगी बाब असंही नाही. येशूच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेने चाललेले त्याचे दोन शिष्य म्हणतात, हाच इस्राएलाची मुक्ती करील अशी आमची आशा होती (लूक २४:२१). त्यांची आशा चुकीची होती असं येशू म्हणत नाही. ख्रिस्ताने दुःख सोसणं अगत्याचं होतं, हे तुम्हांला कळलं नाही, असं म्हणतो.

८. गाढवाचं शिंगरू कोकरू देऊन सोडवायचं, नाहीतर त्याची मान मोडायची. असला नियम शास्त्रात कशाला?

निर्गम १३:१३. हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी हसत हसत विचारतं, पण उत्तर हसण्यासारखं नाही. मिसरमधल्या शेवटच्या रात्री मिसऱ्यांचे प्रथमजन्मलेले मेले आणि इस्राएलाचे वाचले, म्हणून प्रत्येक पहिला नर देवाचा ठरला. गाय, मेंढी, बकरी यांचं पहिलं पिल्लू वेदीवर जाई. गाढव अशुद्ध, त्याचा बळी चालत नाही. पण ते देवाचं आहे हे तर ठरलेलं. मग त्याच्या जागी कोकरू द्यायचं. तेही नको असेल तर गाढव स्वतःसाठी ठेवता येणार नाही, मान मोडायची. मधला मार्ग नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यात, कामाच्या जनावराच्या बाबतीत, "याच्या जागी ते" हा धडा असा हाताने शिकवला जाई.

माणसाच्या पहिल्या मुलाला पाच शेकेल (चांदीचं एक वजन) देऊन सोडवायचं (गणना १८:१६). गणना ३ मध्ये तर याचा पूर्ण हिशेब आहे: लेवी (प्रथमजन्मलेल्यांच्या जागी देवाच्या सेवेसाठी घेतलेला वंश) २२,०००, प्रथमजन्मलेले २२,२७३. एकास एक लावून २७३ उरले, प्रत्येकी पाच शेकेल, एकूण १,३६५ शेकेल. लोक असले आकडे वगळून पुढे जातात. मला ते आवडतात. मुक्ती मोघम नाही, माणसं मोजून आहे.

जाता जाता: येशूला बाळपणी मंदिरात नेलं तेव्हा दिलेली पाखरं ही या सोडवणुकीची रक्कम नव्हती. ते आईच्या शुद्धीकरणाचं अर्पण होतं, आणि तेही गरिबांचं (लेवीय १२:८). पाच शेकेलांचा उल्लेख लूक करत नाही.

९. येशूने किंमत भरली, तर ती घेतली कोणी? सैतानाने की देवाने?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि चर्चच्या इतिहासात सर्वांत जास्त शाई यावरच सांडली आहे.

तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने म्हटलं, सैतानाला. माणसं त्याच्या ताब्यात होती, तर किंमतही त्यालाच. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीने त्यात गळाची उपमा आणली: येशूची मानवता हे आमिष, आत लपलेला गळ त्याचं देवपण, सैतान गिळायला गेला आणि अडकला. त्याच शतकात नाझियांझसच्या ग्रेगरीने दोन्ही उत्तरं फेटाळली. सैतानाला मोल देणं म्हणजे दरोडेखोराला देवाकडून, वर देवच मोबदला म्हणून देण्यासारखं, ही शुद्ध विटंबना. आणि पित्याला म्हणावं तर आपण पित्याच्या कैदेत कधी होतो? ज्याने इसहाकाचा बळी घेतला नाही, त्याला स्वतःच्या पुत्राचं रक्त कसं रुचेल?

१०९८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने प्रश्नाची मांडणीच बदलली. सैतानाचा कसलाही हक्क नाही. माणसाने देवाला द्यायचा मान बुडवला, ती भरपाई माणसाने द्यायला हवी पण फक्त देवच देऊ शकतो, म्हणून देव-मनुष्य. पुढच्या शतकात फ्रेंच धर्मपंडित अबेलारने भर दिला तो वधस्तंभावरच्या प्रेमाने माणसाचं मन पालटतं यावर. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी (प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्यांनी) अन्सेल्मचा 'मान' बाजूला ठेवून 'शिक्षा' पुढे आणली: आपली शिक्षा त्याने भोगली. विसाव्या शतकात स्वीडनच्या गुस्ताफ ऑलेनने आठवण करून दिली की सुरुवातीच्या चर्चमध्ये मुख्य सूर विजयाचा होता. यांपैकी कोणत्याही एका मताला प्राचीन सार्वत्रिक धर्मपरिषदांनी अधिकृत म्हणून ठरवलेलं नाही.

माझं मत विचाराल तर नाझियांझसच्या ग्रेगरीकडे झुकतं. बायबल किंमत मोठी होती हे सांगतं, पावती कोणाच्या नावाने फाडली हे सांगत नाही. निर्गम बघा. देवाने लोकांना सोडवलं, पण फारोला छदामही मिळाला नाही. उलट निघताना लोक मिसऱ्यांचं सोनं-रुपं घेऊन निघाले (१२:३५-३६). यशया ५२:३ म्हणतो, फुकट विकले गेलात, पैशावाचून सोडवले जाल. (यशया ४३:३ मध्ये मात्र मिसर देश मोबदला म्हणून दिल्याची भाषा आहे, म्हणजे उपमा दोन्हीकडे वळते.) आई मुलासाठी रात्र जागते, त्याची किंमत तिला पडते, ती किंमत कोणाला मिळाली असं आपण विचारत नाही.

१०. देव प्रेमळ आहे तर नुसतं "माफ केलं" का म्हणत नाही?

दहा हजार रुपयांचं कर्ज माफ केलं तर ते दहा हजार हवेत विरत नाहीत. खड्डा देणेकऱ्याच्या वहीतून उठून धनकोच्या वहीत जातो. मत्तय १८ मधला राजा दहा हजार तालांतांचं देणं सोडतो तेव्हा नेमकं हेच होतं: तोटा राजाचा. क्षमेला किंमत असते आणि ती क्षमा करणाऱ्याला पडते. वधस्तंभ म्हणजे देवाने ती स्वतःच्या अंगावर घेणं. तिसऱ्या कुणावर ढकलणं नाही. "रागावलेल्या बापाने निरपराध मुलाला मारलं" असं चित्र कोणी उभं केलं तर ते नाकारा; देव ख्रिस्ताच्या ठायी जगाशी स्वतःचा समेट करत होता, असं पौल म्हणतो (२ करिंथकरांस ५:१९).

तरी एक टोचणी राहू द्यावी. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५) बळी नाही, रक्कम नाही. बाप नुसता धावत सुटतो. मुक्तीविषयी बोलताना हा दाखला मध्ये ठेवून बोलावं.

११. रक्तच का लागतं?

लेवीय १७:११ प्रमाणे रक्त म्हणजे जीव, आणि वेदीवर जीव अर्पण होतो. इब्री ९:२२ चा अर्धाच भाग लोक पाठ करतात: रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही. त्याच वचनाच्या सुरुवातीला 'बहुतेक सर्व' असा शब्द आहे. नियमशास्त्रातच अपवाद होता: ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत त्याने एफा या मापाचा दहावा हिस्सा सपीठ पापार्पण म्हणून आणावं (लेवीय ५:११). गरिबाला परतीचा रस्ता बंद नव्हता. आणि बैलांच्या रक्ताने पापं जात नाहीत हे इब्री पत्राच्या लेखकाने पुढच्याच अध्यायात सांगून टाकलं (१०:४). नव्या करारात 'ख्रिस्ताचं रक्त' म्हणजे कुठलं द्रव्य नव्हे. शेवटपर्यंत दिलेला जीव.

१२. सगळंच सोडवता येत होतं का?

नाही. गाय, मेंढी, बकरी यांचं पहिलं पिल्लू मोल देऊन सोडवता येत नसे (गणना १८:१७). देवाला पूर्ण वाहिलेली वस्तूही नाही (लेवीय २७:२८). तटबंदीच्या नगरातलं घर विकलं तर सोडवायला एकच वर्ष. नंतर ते कायमचं गेलं, योबेल वर्षातही परत नाही. खेड्यातल्या घराला मात्र शेतजमिनीचा नियम. मारक्या बैलाने माणूस मारला तर मालक भरपाई देऊन जीव वाचवू शकत असे (निर्गम २१:३०), पण जाणूनबुजून खून करणाऱ्याकडून कोफेर घ्यायचा नाही, कितीही श्रीमंत असो (गणना ३५:३१).

आणि सर्वांत मोठी 'नाही' स्तोत्र ४९ मध्ये आहे: कोणी माणूस आपल्या भावाचं मोल देवाला भरू शकत नाही, ते फार मोठं आहे. सहा-सात वचनांनंतर तेच स्तोत्र म्हणतं, पण देव माझा जीव अधोलोकाच्या हातून सोडवील. या दोन वाक्यांमधली जागा ख्रिस्ती लोक येशूने भरून वाचतात.

१३. येशू 'पुष्कळांसाठी' मेला की 'सर्वांसाठी'?

मार्क १०:४५ मध्ये 'पुष्कळ', १ तीमथ्य २:६ मध्ये 'सर्व'. पहिल्यामागे यशया ५३ आहे आणि तिथे 'पुष्कळ' हा शब्द 'एक' च्या विरुद्ध आहे: एकाने दिलं, पुष्कळांना मिळालं. 'काहींना वगळून' असा अर्थ त्यात शब्दानेच येत नाही. तरी वाद झालाच. नेदरलँड्समध्ये भरलेल्या, कॅल्विनच्या परंपरेतल्या डॉर्टच्या सभेने (१६१८-१९) म्हटलं की मरणाचं मोल साऱ्या जगाला पुरेसं आहे, पण देवाचा हेतू निवडलेल्यांना नक्की सोडवण्याचा. त्या सभेने ज्यांना विरोध केला ते डच धर्मपंडित आर्मिनियसचे अनुयायी, आणि नंतर वेस्लीचे मेथॉडिस्ट, म्हणाले की तो सर्वांसाठी मेला, स्वीकारणं माणसाकडे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चही 'सर्वांसाठी' असंच शिकवतात. 'सर्वांसाठी' म्हणजे 'शेवटी सर्व तरतीलच' असं मात्र या मंडळ्या आपोआप धरत नाहीत.

१४. माझी मुक्ती झाली आहे की व्हायची आहे?

दोन्ही, आणि एकाच पत्रात. इफिसकरांस १:७: आपल्याला मुक्ती मिळालेली आहे. इफिसकरांस ४:३०: मुक्तीच्या दिवसासाठी तुमच्यावर शिक्का मारलेला आहे. मधला धागा १:१४ मध्ये आहे, आणि तो मराठी वाचकाला कोणाच्याही आधी कळायला हवा, कारण मराठी शास्त्रात तिथे शब्द आहे 'विसार'. जागेचा व्यवहार ठरला, विसार दिला. ताबा अजून नाही, पण व्यवहार पक्का. ग्रीक शब्द 'अराबोन' हा मुळात सेमिटिक व्यापाऱ्यांचा. यहूदाने तामारेकडे मुद्रा, गोफ आणि काठी ठेवली (उत्पत्ती ३८) ती याच शब्दाने. पवित्र आत्मा हा विसार. शिल्लक काय, ते रोमकरांस ८:२३ सांगतं: शरीराची मुक्ती. आजारपण, म्हातारपण, मरण अजून आहे ते म्हणून. "विश्वास ठेवला तर आजार का?" असं विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर.

१५. म्हणजे ख्रिस्ती मुक्ती आणि मोक्ष एकच?

शब्द शेजारी आहेत, घरं वेगळी. मराठीत 'मुक्ती' म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं मनात येतं. बायबलमध्ये तो फेरा नाही. एक जन्म, एक मरण, मग पुनरुत्थान. तिथे देहातून सुटका नाही, देहाची सुटका आहे (प्रश्न १४). म्हणून प्रवचनात मी शक्यतो 'सोडवणूक' म्हणतो. गैरसमज कमी होतो.

१६. फुकट मिळतं तर कसंही वागलं तरी चालेल?

प्रश्न १ मधलं शेवटचं वाक्य परत वाचा. सुटलेला माणूस बेवारस होत नाही, आप्ताच्या घरी येतो. "तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहात" हे पौल लिहितो ते करिंथातल्या लैंगिक स्वैराचाराबद्दल बोलताना. म्हणजे मुक्ती हे त्याच्याकडे सूट मागण्याचं कारण नाही.

१७. एकदा मिळालेली मुक्ती हरवू शकते का?

इथे मंडळ्यांचं एकमत नाही. सोळाव्या शतकातला सुधारक कॅल्विन याच्या परंपरेतले योहान १०:२८ दाखवतात: माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मेथॉडिस्ट इब्री ६:४-६ दाखवतात: चाखूनही मागे फिरलेल्यांना पुन्हा वळवणं अशक्य. अनेक वर्षांत मला एक दिसलं: हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात, घाबरलेले आणि निष्काळजी. घाबरलेल्याने पहिलं वचन वाचावं, निष्काळजी असलेल्याने दुसरं. सहसा उलटं होतं.

१८. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स यांच्यात मुक्तीबद्दल मूळ भांडण कशाचं?

किंमत कोणी भरली यावर भांडण नाहीच. ती ख्रिस्ताने भरली. भांडण ती माणसापर्यंत कशी पोचते याचं. सुधारक म्हणाले, केवळ विश्वासाने. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये उत्तर दिलं की कृपा आधी, पण ती माणसाला आतून बदलते आणि माणूस तिला साथ देतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे लुथरन आणि कॅथलिकांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. नंतर मेथॉडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. सगळं मिटलं नाही, पण सोळाव्या शतकात एकमेकांना दिलेल्या शापवाणीची धार गेली. ऑर्थोडॉक्स या न्यायालयात फारसे आलेच नाहीत. त्यांचा भर मरणावरच्या विजयावर आणि माणसाने देवाच्या जीवनात सहभागी होण्यावर.

१९. येशूच्या आधी मेलेले, सुवार्ता न ऐकलेले, तान्ही बाळं... यांचं काय?

आधीच्यांबद्दल इब्री ९:१५ स्पष्ट आहे: पहिल्या करारातल्या अपराधांपासूनही मुक्ती याच मरणाने. अब्राहाम आणि दावीद यांचा हिशेब मागे जाऊन लागतो.

न ऐकलेल्यांबद्दल शास्त्र थोडं बोलतं (रोमकरांस २:१४-१६) आणि मंडळ्या वेगवेगळं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांना तारण मिळू शकतं. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांना हे मान्य नाही.

बाळांबद्दल आईबाप विचारतात तेव्हा मी वाद सांगत नाही. २००७ मध्ये कॅथलिक धर्मपंडितांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांसाठी आशा धरायला भक्कम आधार आहे असं मांडलं. डॉर्टची सभाही विश्वासू आईबापांना त्यांच्या बाळांबद्दल शंका धरू नका असंच सांगून गेली. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या दोन परंपरा इथे जवळ येतात.

२०. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी त्याला स्वर्गाचं वचन मिळालं. मग बाप्तिस्मा कशाला?

अपवादाने नियम मोडत नाही. त्याला खाली उतरायला वेळ नव्हता, तुम्हांला आहे.

२१. देवदूतांची, जनावरांची मुक्ती होते का?

पडलेल्या देवदूतांबद्दल इब्री २:१६ 'नाही'कडे झुकतं: तो देवदूतांच्या नव्हे, अब्राहामाच्या संतानाच्या साहाय्याला येतो. शेवटी सर्वांचंच पुनःस्थापन होईल या ओरिजेनशी जोडलेल्या मताचा चर्चने सहाव्या शतकात निषेध केला. सृष्टीबद्दल मात्र रोमकरांस ८:२१ 'हो' म्हणतं: तीही नाशाच्या दास्यातून मुक्त होणार. तुमचं अमुक कुत्रं स्वर्गात भेटेल का, हे त्या वचनातून काढता येत नाही.

२२. पौल मुक्तीला गुलामाच्या सुटकेची उपमा देतो. मग खऱ्या गुलामगिरीविरुद्ध सरळ का बोलत नाही?

हा आक्षेप खरा आहे, तो झटकू नये. १ करिंथकरांस ७:२१ मधलं ग्रीक इतकं तुटक आहे की 'संधी मिळाली तर सुटून जा' आणि 'असशील तिथेच राहा' असे दोन्ही अर्थ लावले गेले. दोनच वचनांनी पुढे मात्र तो म्हणतो: मोल देऊन विकत घेतलेले आहात, माणसांचे दास होऊ नका. फिलेमोनाला त्याचा दास अनेसिम याच्याबद्दल लिहिताना 'दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून' स्वीकार असं सांगतो, आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड असंही. गोएलचीच भाषा ती. पण गुलामगिरी मोडा असं वाक्य पौलाने लिहिलेलं नाही, आणि नंतर शतकानुशतकं बायबल हातात घेऊन माणसं विकली गेली, हेही तितकंच खरं.

उपमा उलटी वाचणारेही होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या क्लेमेंटच्या पत्रात उल्लेख आहे की दुसऱ्यांना सोडवण्यासाठी काहींनी स्वतःला बेड्यांत दिलं. चौथ्या शतकात मिलानच्या अँब्रोजने कैदी सोडवण्यासाठी चर्चची पवित्र पात्रं वितळवली आणि टीका झाल्यावर ठणकावून समर्थन केलं. तेराव्या शतकात बार्सिलोनात सुरू झालेल्या मर्सिडेरियन संघात तर चौथी शपथ होती: गरज पडली तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहीन.

२३. सुरुवात कुठून करू? सगळं बायबल वाचणं जमणार नाही.

लेवीय २५, मग रूथची चारही प्रकरणं (अर्ध्या तासात होतात), स्तोत्र ४९, यशया ४३, मार्क १०, रोमकरांस ३ आणि ८. होशेय ३ फक्त पाच वचनांचं आहे: नवरा स्वतःच्याच बायकोला पंधरा शेकेल रुपं आणि दीड होमर जव देऊन परत आणतो.

आणि यिर्मया ३२ चुकवू नका. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे आणि चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे. ते शेत शत्रूच्या हाती गेल्यात जमा. यिर्मया सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि खरेदीखताच्या दोन्ही प्रती, मोहरबंद आणि उघडी, आपला लेखनिक बारूख याला देऊन सांगतो: मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात.